डावा पाय

एकोणिसशे एक्क्याण्णवची डॉज, डिझेल,
पाच गिअर, दाराला गंज, टपावर गारांचे खड्डे.
ती विकायची नाही, हे ठरलेलं.
तिची क्लच प्लेट मी जाळली, हेही ठरलेलं.

"तुझा डावा पाय," ऑरेस्ट म्हणायचा,
"पेडलवर असतो, उंबऱ्यावरच्या पाहुण्यासारखा.
आत येत नाही, जातही नाही."
लग्नाला चौतीस वर्षं झाली.
गव्हाचा ट्रेलर ओढताना चढावर घसरली: माझा पाय.
उणे तीसमध्ये रिव्हर्स पडेना: माझा पाय.
डॅनिलोने एक दिवस नेली, रात्री जळका वास घेऊन परत आणली,
तरी माझाच.

यंदा कापणी संपली आणि ऑरेस्टच्या पाठीचं ऑपरेशन झालं.
पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही.
गिअरबॉक्स ऐंशी किलोचा.
यॉर्कटनचा मेकॅनिक मागतो तेवढ्यात
एक दुभती गाय येते.
म्हणून मी.

पत्र्याच्या अर्धगोल शेडमध्ये तिला ठोकळ्यांवर चढवलं.
ऑरेस्ट उलट्या बादलीवर, मांडीवर घोंगडी,
पुढे पाने ओळीने मांडलेले.
"पंधरा," मी खालून. पंधरा यायचा.
"अठरा." अठरा यायचा, सोबत एक सल्ला.
पाना ठेवून घ्यायचे, सल्ला परत पाठवायचे.

डोळ्यांत माती पडत होती, सगळी ओळखीची:
ही खाऱ्या तळ्याकडची, पांढरट,
ही चर्चच्या वाटेवरची काळी.
गिअरचा दांडा काढला तिथे केबिनच्या तळाला भोक पडलं.
त्यातून कुत्र्याने मान घालून
वरून माझ्याकडे पाहिलं,
देव पाहतो तसं,
काही न करता.

वरचा शेवटचा बोल्ट दिसत नाही,
तो फक्त बोटांना माहीत असतो.
तीन एक्स्टेन्शन जोडून, गाल थंड लोखंडाला टेकवून,
सव्वा तास.
तेवढ्या वेळात बापाच्या सगळ्या युक्रेनियन शिव्या संपल्या,
दोन मी नव्या घडवल्या.

मग गिअरबॉक्स जॅकवरून मागे सरकला,
अडला, पुन्हा सरकला.
प्रेशर प्लेटचे सहा बोल्ट. प्लेट हातात आली
आणि तळहात काळा झाला.
तेल.
रिव्हेटांच्या वर अस्तर अजून दोन मिलिमीटर शिल्लक,
झिजलेलं नाही, जळलेलं नाही,
फक्त भिजलेलं, किती वर्षांपासून कोण जाणे.

मी सरपटत बाहेर आले.
काही बोलले नाही. प्लेट त्याच्या घोंगडीवर ठेवली.
त्याने चष्मा पुसला. कडेवरून नख फिरवलं. वास घेतला.
शेडच्या पत्र्यावर वारा वाजत होता.
"मागचं सील," तो म्हणाला.
मी थांबले.
आणखी काही आलं नाही.

सील बदललं. फ्लायव्हील तासून आणलं.
पण मधलं छोटं बेअरिंग हलेना
आणि ओढायचं हत्यार आमच्याकडे नाही.
"पाव," ऑरेस्ट म्हणाला.
मला वाटलं, भूक लागली असेल.
"ओला कर. भोकात कोंब. दांडा घालून ठोक."
रविवारचा राईचा पाव कोंबला, ठोकला,
कोंबला, ठोकला,
आणि अर्धा पाव संपल्यावर बेअरिंग
मागून ढकललं जाऊन अलगद बाहेर पडलं,
दुधाचा दात पडावा तसं.
हा सल्ला मात्र मी ठेवून घेतला.
उरलेला पाव कुत्र्याने.

गुरुवारी संध्याकाळी गाडी खाली उतरवली.
ऑरेस्ट शेजारी बसला, पाठीला उशी.
पहिला, दुसरा, तिसरा,
लोण्यात सुरी जावी तसे.
दोन्हीकडे कापलेली रानं, पार क्षितिजापर्यंत.
मैलभर कुणीच बोललं नाही.

मग मला जाणवलं,
माझा डावा पाय पेडलवर आहे.
जोर नाही, नुसता टेकलेला.
किती वेळ, ते नाही सांगता येणार.

हळूच खाली घेतला.
ऑरेस्ट खिडकीबाहेर बघत होता,
फार लक्ष देऊन,
जिथे बघण्यासारखं काहीच नव्हतं तिथे.